आधी बीपी, मग चहा

आमच्या घरात चहाला कुणी कधी अट घातली नव्हती. ती मी घातली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रक्तदाब निघाल्यापासून मी महिन्यातल्या एका रविवारी मिरजेहून गावी जायची आणि पायरी चढतानाच ओरडून सांगायची, "आई, चहा ठेवू नकोस अजून. आधी बीपी, मग चहा." चहाने रक्तदाब थोडा वेळ वाढतो, हे खरं आहे. पुस्तकात तसंच दिलंय. मी पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि याच गोष्टीचा मला इतके दिवस मोठा अभिमान होता.

मी डॉक्टर आहे, पण पेशंट बघत नाही. एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीर कसं चालतं ते शिकवते. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पाट्या बघत चाललं तर मान दुखेल, पण त्यात माझी पाटी कुठेच नाही. हे गावाला समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. घरटी एक माणूस फौजेत, उरलेले उसात. आबा सुभेदार होऊन परत आले आणि लेक डॉक्टर झाली म्हणून त्यांनी गावभर सांगून ठेवलं. मग लोक गुडघे, मूतखडे, सुनांचे रिपोर्ट घेऊन यायचे आणि मी त्यांना दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवायची. एका चुलतीने शेवटी विचारलंच, "मग तू शिकलीस तरी काय गं एवढी वर्सं?" त्यामुळे आबांचा रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा मला काळजी तर वाटलीच, पण त्या काळजीला थोडा हुरूपही चिकटला होता. मला अखेर एक पेशंट मिळाला होता.

पहिली गोळी दिली ती तालुक्याच्या डॉक्टरांनी. पुढचा कारभार मी हातात घेतला. दर खेपेला मी त्यांना फोन करायची, "सर, आकडा अजून वरच आहे." मी हाच विषय शिकवते म्हटल्यावर तेही माझ्या शब्दाला मान द्यायचे. वर्षभरात एका गोळीच्या तीन झाल्या.

रविवारी मी पोचायच्या आत आबांची दाढी झालेली असायची. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोप्यात भिंतीला लावलेली खुर्ची, डावी बाही कोपरावर घडी करून घेतलेली. "आली इन्स्पेक्शन," असं म्हणून ते खुर्चीत बसायचे. मी हसायची. म्हातारा थट्टा करतोय, एवढंच मला त्यात दिसायचं.

बीपी घेण्याआधी माणसाने पाच मिनिटं गप्प बसावं असा नियम आहे. आबा गप्प बसायचे. मी नाही. त्या पाच मिनिटांत माझी झडती चालायची. तंबाखूची पिशवी कुठे आहे, लोणच्याची बरणी माळ्यावरून खाली कशी आली, ठेच्यात मीठ कुणी घातलं, रात्रीची गोळी चुकली का. आई चुलीपाशी उभी राहून पदराने भांडं पुसत राहायची आणि आबा समोरच्या भिंतीकडे बघत "न्हाई", "व्हय", "परवाच्याला एकदाच" अशी तुटक उत्तरं द्यायचे. मग मी पट्टा बांधायची. छाती पुढे, पाठ ताठ, मूठ वळलेली.

"आबा, मूठ सोडा."

ते लगेच सोडायचे. हात गार असायचा, दगडासारखा. वय झालं की असं होतं, असं मनाशी म्हणून मी स्टेथोस्कोप कानाला लावायची. आकडा वर असायचाच. "बघा!" मी म्हणायची. हा "बघा" मला आता ऐकवत नाही. तोंडी परीक्षेत एखादा मुलगा चुकला की मी जसं म्हणते, अगदी तसाच तो होता.

संध्याकाळी ते मला फाट्यापर्यंत सोडायला यायचे. पिशवीत काकवीची बाटली, हरभऱ्याची भाजी, असलंच काहीतरी. एसटी दिसली की पिशवी माझ्या हातात देऊन दुसऱ्या हाताने माझा हात दाबायचे, आणि तो हात गरम असायचा. ओझं घेऊन चाललेत म्हणून गरम असेल, असं मला वाटायचं. त्यात थोडी मायाही असेल, असं वाटून बरं वाटायचं.

मी मुलांना हा धडा उसाच्या पाण्यावरून शिकवते. निम्मी मुलं शेतकऱ्यांची, त्यांना चटकन कळतं. अंगातलं रक्त सगळ्या शरीराला एकाच वेळी पुरत नाही. पाटाचं पाणी पुरत नाही तसंच. म्हणून कुणाच्या सरीचं दार मोडून पाणी सोडायचं आणि कुणाचं बांधून अडवायचं हे सारखं ठरवावं लागतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. ते आवळले की दार मिटतं, सैल पडले की उघडतं. मज्जातंतू म्हणजे बांधावरून मारलेली हाक. डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी बसलेल्या असतात, त्यांचा रस रक्तात मिसळून जातो. तो हाकेच्या मागून पोचतो, पण हाक थांबल्यावरही काम करत राहतो. मोटार बंद केली तरी चारीत पाणी वाहत असतं, तसं. खुद्द मूत्रपिंडंही दाब कमी होतोय असं वाटलं की एक निरोप सोडतात. त्यानेही नळ्या आवळतात आणि मीठपाणी अंगात राखलं जातं. माणूस बसल्याचा उभा राहिला की रक्त पायात उतरतं. ते वर मेंदूकडे राहावं म्हणून पायाच्या नळ्या तिथल्या तिथे आवळाव्या लागतात. भीती वाटली तरी तेच होतं, फक्त तेव्हा आधी कातडीची दारं मिटतात. म्हणून घाबरलेल्या माणसाचा हात गार पडतो.

हे मी बारा महिने फळ्यावर काढते. आबांच्या तीन गोळ्यांपैकी एक मज्जातंतूंची हाक अडवत होती, दुसरी मूत्रपिंडाचा निरोप, आणि तिसरी अंगातलं पाणी लघवीवाटे काढत होती.

गेल्या पंधरा ऑगस्टला आबा पडले. गावच्या शाळेत झेंड्याला "सावधान" ही ऑर्डर दरवर्षी तेच देतात. मुख्याध्यापक बदलले, सरपंच बदलले, पण ऑर्डर आबांची. त्यांच्या आवाजाला मैदानातली पोरंच काय, कट्ट्यावरची मोठी माणसंसुद्धा टाचा जुळवतात. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. राष्ट्रगीत संपत आलं होतं, आणि आबा उभ्या उभ्या पुढे कोसळले. नाक फुटलं, शर्ट रक्ताने भरला. दोघांनी धरून बाकावर झोपवलं तर मिनिटभरात शुद्धीवर आले आणि पहिलं विचारलं काय, तर "गाणं पुरं झालं का?"

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून धावत गेले. आईने चहा ठेवायला घेतला, तिला मी नेहमीसारखंच थांबवलं. नाकावर पट्टी लावलेले आबा खुर्चीत बसले, बाही वर केली. आकडा वर. "बघा," मी म्हटलं, "एवढ्या गोळ्या घेऊनही वरच आहे. सकाळी उपाशी गेलात ना? पाणी तरी प्यायला होतात का?"

"न्याहारी केलती की," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "बोटं बी हलवत हुतो गं."

फौजेत तासन्‌तास सावधान उभं राहायचं तर बुटातल्या बुटात पायाची बोटं हलवत राहायची, पोटऱ्या आवळायच्या, म्हणजे चक्कर येत नाही. हे त्यांनी आम्हाला लहानपणीच सांगितलं होतं. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं आणि तरीही ते पडले होते. उभा राहिल्यावर पडला, बसल्यावर मात्र बीपी जास्त, यात काहीतरी मेळ बसत नाही, हे माझ्या वर्गातल्या कुठल्याही बऱ्या मुलाने ओळखलं असतं. मी नाही ओळखलं. त्यांना एकदा उभं करून बीपी घ्यावं, एवढंही मला सुचलं नाही. मी त्यांना उन्हात जायचं नाही म्हणून बजावलं आणि आले.

त्यानंतर आबा शाळेकडे फिरकेनात. मुलांना बक्षिसं द्यायला बोलावणं आलं, तर पाय दुखतो म्हणून सांगितलं. पारावर जाणं बंद, शेताकडे जाणं बंद. रोज उठताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची, ते खाटेची कड धरून उभे राहायचे, मग भिंत धरून न्हाणीपर्यंत जायचे. हे मला आईने फार उशिरा सांगितलं. आधी का नाही सांगितलंस म्हणून मी तिच्यावर चिडले.

"ते म्हनले, तिला सांगू नगंस. आनिक एक गोळी वाढवंल."

डिसेंबरात पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. जोडीजोडीने बीपी मोजायचं, मग एकाने बर्फाच्या पाण्यात हात घालायचा आणि दुसऱ्याने परत मोजायचं. गारठ्याने नळ्या आवळतात, दाब चढतो. मुलांना मजा येते, किंकाळ्या चालू असतात. मी टेबलाटेबलावरून फिरत होते. आटपाडीकडची एक मुलगी बसली होती, अजून बर्फ यायचा होता. तिच्या मैत्रिणीने लिहिलेला आकडा अगदी सरळ होता. मी स्वतः घेतला तर भलताच वर. मी मैत्रिणीला झापलं. पट्टा सैल बांधला असशील, कान कुठे होता तुझा.

"मॅडम, मी दोनदा बघितलं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मग परत बघ," म्हणून मी पलीकडच्या टेबलावर गेले. तिथे आमच्यातल्याच एका शिक्षकांशी दोन शब्द बोलत उभी राहिले. मागून आवाज आला, "मॅडम, आता परत पहिल्याइतकंच आलं." मी वळले, तिच्याजवळ गेले आणि पट्टा नीट आहे का बघायला त्या मुलीचा हात हातात घेतला. बर्फ अजून आलाच नव्हता. तरी तिचा हात गार होता, तळवा ओला होता, आणि मूठ वळलेली होती.

मी तिला "मूठ सोड" म्हणणार होते. हा हात मला ओळखीचा होता. दर महिन्याला एका रविवारी मी तो हातात घेत होते.

डॉक्टर समोर आला की काही माणसांचा रक्तदाब चढतो आणि घरी तो ठीक असतो, यावर मी दरवर्षी तोंडी परीक्षेत प्रश्न विचारते. मुलं उत्तर देतात आणि मी मार्क देते. माझ्या समजुतीत तो डॉक्टर म्हणजे दुसरा कुणीतरी होता. मी लेक होते.

त्या आठवड्यात मी सांगलीला जाऊन एक आपोआप चालणारं यंत्र घेतलं, बटण दाबलं की आकडा दाखवणारं. मी असल्या यंत्रांना नावं ठेवत आले आहे. रविवारी गावी गेल्यावर आईला ते पडद्याआड शिकवलं आणि आबांना मोठ्याने सांगितलं, "आज चुलतीकडे जाऊन येते आधी." निघाले आणि परड्यातून फिरून गोठ्यामागे येऊन उभी राहिले. आपल्याच घरात चोरासारखी उभी होते, आणि मला चोरासारखंच वाटत होतं.

"आवं, हात द्या हिकडं," आई म्हणाली.

"का? तू बी डाक्टरीन झालीस व्हय?"

"बसा गप."

"लय आवळू नगं गं, हात तुटंल माजा. रिटायर मानसाला नवीन हात मिळत न्हाई." आणि ते हसले. पट्टा हाताला असताना आबा हसू शकतात, हे मला तेव्हा कळलं. यंत्र कण्हत थांबलं. मग शिकवल्याप्रमाणे आईने त्यांना उभं केलं आणि परत बटण दाबलं. जरा वेळाने ती शेणाची पाटी घ्यायच्या निमित्ताने मागे आली आणि तिने मला आकडे सांगितले. बसलेले असतानाच दाब कमी होता. उभं राहिल्यावर तो असा खाली गेला होता की हा माणूस रोज चालतो कसा, असा प्रश्न पडावा.

मी गोठ्याच्या भिंतीला टेकून रडले. आई पाटी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं वाईट हाय व्हय?" मी नाही म्हणून मान हलवली. वाईट त्यांच्या अंगात काही नव्हतं, हे तिला कसं सांगणार? दर महिन्याला मी त्यांच्या अंगातली भीती मोजून नेत होते आणि तिच्यावर औषध देत होते. त्या गोळ्यांनी पायाच्या नळ्या सैल पाडल्या होत्या. हाताच्या बोटांना मात्र भीतीची हाक पोचतच होती.

तालुक्याच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते भले माणूस, मला काही बोलले नाहीत. दोन गोळ्या हळूहळू काढल्या, एक राहिली, तीही निम्मी. औषधाची चूक अशी सुधारता येते. दुसरीचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. कारण खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडत होतं. ज्यांच्या आवाजाला अख्खं मैदान टाचा जुळवतं तो माणूस माझ्या एका शब्दावर मूठ सोडतो, हे मला आवडत होतं. लहानपणी ते सुट्टीवर आले की आमची नखं, दप्तर, केसातलं तेल तपासायचे आणि आम्ही ओळीत उभे राहायचो. त्याचा राग मनात होता म्हणावं तर तसंही आठवत नाही. तशी सबब मिळाली असती तर बरं झालं असतं.

यंत्र नेलं त्याच रविवारी संध्याकाळी फाट्याकडे चालताना मी विचारलं, "आबा, तुम्ही मला भिता का?"

"मी? सुभेदार हाय मी. भितुया व्हय कुनाला?" ते म्हणाले. पूल आला. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "आता कसं हाय, सायेब लय चांगला असला, घरचा असला, तरी इन्स्पेक्शन म्हनलं की पोटात गोळा येतुयाच. त्येला तू काय करनार आनि मी तरी काय करनार?"

एसटी आली. त्यांनी माझा हात दाबला. गरम होता. इतके महिने ज्याला मी माया समजत होते, ती मी निघाल्याची सुटका होती. मायाही असेल त्यात. पण किती, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं आणि विचारायचं तोंडही नव्हतं.

सव्वीस जानेवारीला आबा शाळेत गेले. मी गेले नाही, मुद्दाम. आईने फोनवर सांगितलं की थंडी कडाक्याची होती, आबांनी जुना कोट घातला होता, ऑर्डर नेहमीसारखी दिली आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मागून कट्ट्यावर बसून दोन कप चहाही प्यायले. मला फार आनंद झाला आणि त्याबरोबरच, मी तिथे नव्हते म्हणून ते जमलं, असंही वाटत राहिलं.

फेब्रुवारीत मी गावी गेले तेव्हा पिशवीत काहीच नेलं नव्हतं. स्टेथोस्कोप नाही, पट्टा नाही. गाडीतच ठरवलं होतं की पायरी चढताना तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आई चहा ठेवेल तो घ्यायचा. अंगण ओलांडून सोप्यात आले. खुर्ची भिंतीला लागलेली होती. आबांची दाढी झालेली, इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ. डावी बाही कोपरावर घडी करून घेतलेली.

"आज नाही आबा," मी म्हटलं. "पट्टा आणलाच नाही मी."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग पिशवीकडे. त्यांना खरंच उमजत नव्हतं.

"मग आज कशाला आलीस?" त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलटून बोलले असते, मला ते येतं. सरळ साधा प्रश्न होता आणि इतक्या रविवारांत पहिल्यांदाच त्यांनी तो विचारला होता.

"चहा प्यायला," मी म्हटलं.

त्यांनी चुलीपाशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, हे खरं आहे का असं विचारल्यासारखं. आईने आधण ठेवलं. मग आबांनी सावकाश बाही खाली केली, मनगटापर्यंत ओढून घेतली आणि गुंडी लावायला लागले. त्यांच्या बोटांना गुंडी सापडेना. मी पुढे होऊन लावून दिली असती, पण मग त्यांचा हात माझ्या हातात आला असता आणि तो गार आहे की गरम ते मला कळलं असतं. मी खाली जोत्यावर बसले आणि त्यांचं ते लावून होईपर्यंत अंगणाकडे बघत राहिले.